तळावरची लेकरं

जानेवारी १७६१ च्या शेवटच्या दिवसांत नानासाहेब पेशवे फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते. वाटेत त्यांच्या हाती एका सावकाराचं पत्र लागलं. पानिपतावर काय झालं त्याची त्यांना कळलेली ही पहिली पक्की खबर. पत्र व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत होतं. दोन मोती गेले, म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मोहरा गेल्या, म्हणजे सरदार. आणि रुपये-खुर्दा किती गेला, त्याची मोजदाद नाही.

हे पत्र आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेलं असतं. सर मोत्यांपाशी आवाज जड करतात आणि धडा संपतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. दिवसभर माझा संबंध टेबल, कॉलम आणि रेकॉर्डशी येतो. त्यामुळे असेल, पण मला त्या पत्रातली तिसरी ओळ सोडत नाही. मोत्यांचा आकडा आहे, मोहरांचा आहे, खुर्द्याचा नाही. मग खुर्द्यात कोण कोण होतं?

साधे शिपाई होतेच. पण त्या तळावर शिपायांपेक्षा न लढणारी माणसं जास्त होती. मोतद्दार, पाणके, आचारी, वाणी, सोनार, शिंपी, भिक्षुक, यात्रेकरू, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आया आणि लहान मुलं. आपल्याकडे या सगळ्यांना मिळून एक शब्द आहे, बुणगे. तो आता शिवी म्हणून वापरतात.

गेल्या हिवाळ्यात आमचं अख्खं खानदान मावळातल्या एका धरणाच्या काठावर कॅम्पिंगला गेलं होतं. चौदा माणसं, त्यात सात वर्षांच्या आतली पाच पोरं आणि कागदावर चौऱ्याहत्तर वर्षांची आज्जी. त्या रात्री आज्जीने जे केलं त्यावरून हा लेख सुरू झाला. पण ते समजायला आधी थोडं मागे जावं लागेल.

शब्दांचा ढीग

मराठीत तंबूत राहण्यासाठी किती शब्द आहेत ते एकदा मोजून बघा. तंबू, डेरा, राहुटी, पाल, कनात, शामियाना. जागेसाठी तळ, मुक्काम, छावणी, गोट. आपण 'आतल्या गोटातली बातमी' म्हणतो तेव्हा तो गोट म्हणजे फौजेच्या तळाचा एक भाग असतो. 'पाल ठोकलं', 'तळ दिला', 'डेरा टाकला', 'बिऱ्हाड हललं' हे वाक्प्रचार आजही कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. ज्या भाषेत एखाद्या गोष्टीला इतके शब्द असतात, त्या भाषेतल्या लोकांनी ती गोष्ट भरपूर केलेली असते. फरक एवढाच, की हौस म्हणून तंबूत राहण्यासाठी आपल्याकडे शब्द नव्हता. तो 'कॅम्पिंग' म्हणून बाहेरून आला.

शिवाजी महाराजांच्या फौजेचं वेळापत्रक कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत दिलं आहे. पावसाळ्यात फौज आपल्या मुलखात छावणीला. दसऱ्याला बाहेर पडायचं आणि आठ महिने परमुलखात काढायचे. निघताना प्रत्येकाकडच्या चीजवस्तूंची यादी करायची आणि परत आल्यावर ती ताडून बघायची. जास्तीचं काही निघालं तर ते सरकारात जमा. आणि सगळ्यात कडक नियम असा, की लष्करात बायको, बटीक, कलावंतीण यांपैकी कुणीही असता कामा नये. मोडणाऱ्याला देहदंड. शत्रूच्याही बायका-मुलांना धरायचं नाही.

हा नियम आपण नेहमी नीतिमत्तेच्या बाजूने वाचतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात रसदेचं आणि वेगाचं साधं गणितही आहे. जी फौज डोंगरातून रातोरात निघून जाते, तिच्याबरोबर तान्ही मुलं असू शकत नाहीत. रडणारं मूल लपवता येत नाही आणि आजारी मूल मागे ठेवता येत नाही. ज्याने हा नियम केला, त्याला तळावरच्या लेकरांची किंमत पक्की माहीत होती.

मधोमध ठेवलेली माणसं

शंभरेक वर्षांत चित्र पार बदललं. मार्च १७६० मध्ये भाऊसाहेब मराठवाड्यातल्या परतूरहून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची पत्नी पार्वतीबाई होत्या. पुढे नाना फडणवीस म्हणून गाजलेला अठरा वर्षांचा बाळाजी जनार्दन होता आणि त्याच्यासोबत त्याची आई आणि बायको. मोठी फौज उत्तरेला चालली आहे, तिच्या सावलीत मथुरा, वृंदावन, कुरुक्षेत्र होईल, या हिशेबाने कितीतरी लोक निघाले होते. एरवी इतका लांबचा रस्ता सुरक्षित नसायचा. त्यामुळे त्यांना वेडे म्हणता येत नाही. आजही गावातून एक गाडी पंढरपूरला निघाली की चार घरची म्हातारी माणसं तिच्यात बसतातच.

ऑक्टोबरअखेर अब्दाली यमुना ओलांडून आला आणि दोन्ही फौजा पानिपताजवळ समोरासमोर थांबल्या. मराठ्यांनी तळाभोवती खंदक खणला. तिथून साधारण अडीच महिने तो तळ म्हणजे एक कोंडलेलं गाव होतं. डिसेंबरात रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्य येणं जवळपास थांबलं. उत्तरेकडची थंडी, सरपण नाही, जनावरं मरायला लागलेली. पुस्तकांत या अडीच महिन्यांच्या राजकारणावर पानंच्या पानं आहेत. त्या थंडीत तंबूतल्या मुलांच्या अंगावर काय पांघरलं होतं, यावर मला एक ओळही सापडलेली नाही.

१४ जानेवारीला लढाई झाली ती गोलाची. म्हणजे तोफा आणि फौज बाहेरच्या बाजूने ठेवायची, न लढणाऱ्यांना आत घ्यायचं आणि असा सगळा गोल लढत लढत पुढे सरकवायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर ही बायका-मुलं त्या लढाईचा कन्स्ट्रेंट होती. मराठ्यांचा जो गनिमी कावा प्रसिद्ध आहे, तो तिथे का वापरता आला नाही, याची कारणं इतिहासकार अनेक देतात. त्यातलं एक हे, की पळून जायचं तर या सगळ्यांना सोडून पळावं लागलं असतं.

दुपारनंतर गोल फुटला. शुजाउद्दौल्याच्या चाकरीत असलेला काशीराज पंडित तिथे हजर होता. त्याने लढाईनंतर बायका-मुलांना गुलाम म्हणून धरून नेल्याचं लिहून ठेवलं आहे. नाना फडणवीस कसाबसा वाचला. त्याची बायको सुटली, आई परत आली नाही. पुढे त्याने स्वतःबद्दल थोडकं लिहिलं, त्यात हे दुःख आहे. भरतपूरच्या सूरजमल जाटाने वाट चुकून आलेल्या हजारोंना खाऊपिऊ घातलं, कपडे दिले आणि पुढे पाठवलं. हरियाणातला रोड समाज आजही आपलं मूळ पानिपताशी जोडतो. मुलं कुठे गेली याचं उत्तर असं तुकड्या-तुकड्यांतच मिळतं.

गाव कुठलं? लष्कर.

पानिपतानंतरही तळ हलते राहिले. १८०९ मध्ये थॉमस ब्राउटन हा इंग्रज अधिकारी दौलतराव शिंद्यांच्या लष्कराबरोबर राजपुतान्यात फिरत होता. तिथून त्याने भावाला लिहिलेली पत्रं १८१३ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. तिरकस आणि बऱ्याच वेळा तुच्छतेने लिहिणारा माणूस आहे, पण डोळे उघडे ठेवून लिहितो. तळ हलायचा तेव्हा आधी गेलेली माणसं निशाण रोवून जागा ठरवायची. मग महाराजांचे डेरे, मग त्यांच्या हिशेबाने बाजार आणि पथकं. जागा रोज नवी असली तरी रचना तीच राहायची. त्यामुळे काल ज्या वाण्याचं दुकान डावीकडे होतं, ते आजही डावीकडेच सापडायचं.

ही रचना वाचताना मला पहिल्यांदा कळलं, की त्या गर्दीत लहान मूल हरवल्यावर सापडत कसं असेल. गाव हलतं आहे, पण नकाशा हलत नाही.

१८१० मध्ये हा तळ ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली थांबला आणि मग उठलाच नाही. तंबूंची घरं झाली, बाजाराचे रस्ते झाले. ग्वाल्हेरच्या त्या भागाला आजही लष्कर म्हणतात. शहराचं नावच लष्कर! पुण्यात आपण 'कॅम्पात जाऊन येतो' म्हणतो तेही त्याच जातीचं, फक्त तो तळ इंग्रजांचा.

या लष्करी शिस्तीचा एक धागा भलत्याच ठिकाणी गेला आहे. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप देणारे हैबतबाबा आरफळकर मूळचे साताऱ्याकडचे आणि शिंद्यांच्या पदरी चाकरी केलेले. सोहळ्याचे अश्व अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. दिंड्यांना क्रमांक, रथापुढची दिंडी आणि रथामागची दिंडी, तुतारीच्या इशाऱ्यावर निघणं, चोपदाराने दंड वर केला की हजारो लोकांनी एका क्षणात गप्प होणं. मुक्कामाच्या जागेला शब्दही तोच, पालखीतळ. आणि संध्याकाळी समाजआरतीच्या वेळी एक गोष्ट घडते ती मला फार आवडते. चोपदार हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारतात. कुणाची पिशवी, कुणाचा तांब्या. लाखभर माणसांच्या तळावर खुर्द्याची रोज जाहीर मोजदाद होते.

१८९७: दोन तंबू

१८९६ च्या शेवटाकडे पुण्यात प्लेग शिरला. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथरोगांचा कायदा केला आणि वॉल्टर चार्ल्स रँडच्या हाताखाली प्लेग कमिटी बसली. मार्चपासून गोऱ्या सोजिरांनी घरोघरी शिरून झडत्या घेतल्या. आजारी माणूस सापडला तर तो इस्पितळात. घरातली उरलेली माणसं वेगळ्या ठेवण्याच्या छावणीत. म्हणजे एकाच घराचे दोन तुकडे दोन तळांवर. बावीस जूनला रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या. ही गोष्ट आपल्याला माहीत असते. तळावर ठेवलेल्या घरांची गोष्ट माहीत नसते.

त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या माळावर यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या. ते दलित कुटुंबातलं मूल होतं. त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. तळावरच्या एका मुलाचं नाव इतिहासात टिकलं ते त्याला कुणी उचलून आणलं यामुळे.

पुढच्या साथींमध्ये लोक स्वतःच शहाणे झाले. घरात उंदीर पडला की कुलूप लावायचं, शेतात किंवा माळावर झोपडी घालायची आणि साथ ओसरेपर्यंत तिथेच राहायचं. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी अशी वर्षं काढली. आजी-आजोबा, चुलते, पाच-सात पोरं, एक चूल. मोठ्यांना जीवाची भीती, पण मुलांना शाळा नाही आणि दिवसभर मोकळं रान. त्या काळात लहान असलेल्या माणसांच्या आठवणी ऐकल्या तर त्यात मरणाबरोबर चिंचाही असतात.

आता त्याच १८९७ मधला दुसरा तंबू. थॉमस हायरम होल्डिंग नावाचा एक इंग्रज शिंपी सायकलवर छोटा तंबू बांधून आयर्लंडमधल्या कॉनेमारा भागात हौसेखातर फिरत होता. १९०१ मध्ये त्याने सायकलवरून कॅम्पिंग करणाऱ्यांची संघटना काढली आणि १९०८ मध्ये 'द कॅम्पर्स हँडबुक' हे जाडजूड पुस्तक लिहिलं. आज आपण ज्याला कॅम्पिंग म्हणतो त्याचा जनक म्हणून त्याचंच नाव घेतात. पेशाने शिंपी असल्यामुळे हलका तंबू कसा शिवायचा हे त्याला हाताने माहीत होतं.

पण त्याला तंबू पहिल्यांदा भेटला तो हौस म्हणून नव्हे. १८५३ मध्ये, नऊ वर्षांचा असताना, तो आई-वडिलांबरोबर अमेरिकेत स्थलांतरितांच्या बैलगाड्यांच्या तांड्यातून गवताळ प्रदेश ओलांडत होता. तांड्यात तीनशेच्या आसपास माणसं होती. घर मागे सुटलेलं, पुढचं अजून सापडलेलं नाही आणि मधे महिनोन् महिने तंबू. कॅम्पिंगला खेळ बनवणारा माणूस मूळचा तळावरचं लेकरू होता.

यावरून मी एक साधी व्याख्या केली आहे. घराला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवून तुम्ही तंबूत राहिलात तर ते कॅम्पिंग. किल्ली नसेल तर तो तळ.

कोयता

आता आमचं घर. आम्ही बीड जिल्ह्यातले. १९५० च्या सुमारास प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या चिमण्या वाढत गेल्या. ऊस तोडायला माणसं लागली. ती आमच्याकडच्या कोरड्या डोंगरपट्ट्यातून गेली. १९७२ च्या दुष्काळानंतर तर गावंच्या गावं जायला लागली. दसरा-दिवाळीनंतर निघायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत यायचं. सभासदाने लिहिलेल्या मोहिमेचं वेळापत्रक आणि माझ्या आज्जीचं वेळापत्रक जवळपास सारखं आहे. फक्त तिला लूट मिळायची नाही, तिच्या डोक्यावर उचल असायची.

मुकादम हंगामाआधी पैसे देतो ती उचल. ती फेडायला ऊस तोडायचा. या धंद्यात माणसं मोजायचं एकक आहे कोयता. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. एकटा माणूस असेल तर अर्धा कोयता. टोळीत किती कोयते, त्यावर सगळा हिशेब. पाचट आणि बांबूची, आता प्लास्टिकच्या कागदाची, जी झोपडी घालतात तिला कोपी म्हणतात. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची, वाढं विकायचं आणि रात्री येऊन भाकरी टाकायची.

मुलं बरोबरच असतात. तान्ही फडाच्या कडेला झोळीत, चालणारी बांधावर आणि आठ-नऊ वर्षांची मुलगी त्या दोघांना सांभाळायला. कोयत्याच्या हिशेबात मात्र ती कुठेच नसतात. ना पूर्ण, ना अर्धी. डेटाबेसच्या भाषेत बोलायचं तर या टेबलमध्ये मुलांसाठी कॉलमच नाही.

पुढे यावर बरेच प्रयत्न झाले. कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या, मग गावातच मुलं राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहं आली, दुसऱ्या शाळेत विनाअडथळा बसता यावं म्हणून शिक्षण हमी कार्ड आलं. यातल्या प्रत्येक गोष्टीने काही मुलांचं आयुष्य बदललं. माझे वडील आज्जीच्या माहेरी मागे राहून शिकले, एवढ्या एका कारणाने मी आज लॅपटॉपसमोर बसतो. तरीही नोव्हेंबरात नगरच्या रस्त्याने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या जाताना दिसतात, तेव्हा भांड्यांच्या आणि सरपणाच्या वर पोरं बसलेली असतातच.

आज्जीची मोजणी

तर धरणाकाठचा कॅम्प. दोन चुलतभाऊ, त्यांच्या बायका, आई-बाबा, काकू, आज्जी, मी आणि पाच पोरं. ॲपवर बुकिंग केलं तेव्हा पाच वर्षांखालच्या मुलांना चार्ज नव्हता, म्हणून पावतीवर मुलं पाचऐवजी दोनच करता आली. बाकी तीन तंबूवाल्यांच्या सिस्टिममध्ये नव्हतीच. तिथला मुलगा चांगला होता. त्याच्या आजोबांची जमीन त्याच धरणाखाली गेलेली आणि आता तो पाण्याच्या काठावर तंबू लावून पोट भरत होता.

भाऊ बार्बेक्यूच्या मागे, पोरं पाण्याच्या दिशेने, सगळ्यांचे फोन वर. आज्जी मात्र तंबूभोवती एक चक्कर मारून आली. खुंट्या हाताने हलवून बघितल्या. वारा कुठून येतो ते पदर धरून बघितलं.

"चर कुठंय रं?" तिने त्या मुलाला विचारलं.

"पावसाळा नाही ना आज्जी आता."

"पाऊस सांगून येतो व्हय?" असं म्हणत तिने एक चपटा दगड घेतला आणि तंबूच्या वरच्या अंगाला पाणी वळवायला बोटभर चर ओढायला सुरुवात केली. मोठ्या भावाला ते अवघड झालं. तो म्हणाला, "आज्जी, आपण पैसे भरून आलोय, बस की निवांत." त्याच्या बोलण्यात थोडी लाज होती, आणि ती मला समजत होती. शेजारच्या तंबूत पुण्यातलीच एक मोठी कंपनीची टीम उतरली होती. कोपीतून बाहेर पडायला आमच्या घराला दोन पिढ्या लागल्या आणि इथे आज्जी सगळ्यांसमोर आम्हाला परत कोपीत बसवत होती.

रात्री पोरांना दोन तंबूंत झोपवलं. आज्जी प्रत्येकाच्या डोक्यावर बोट ठेवत पुटपुटली. एक, दोन, तीन, चार, पाच. अकराच्या सुमारास पुन्हा. रात्री दोनला मी बाहेर आलो तेव्हा ती बॅटरी घेऊन परत तेच करत होती. मी विचारलं, "आज्जी, कितीदा मोजशील?"

ती बाहेर येऊन खुर्चीत बसली. म्हणाली, "तळावर लेकरं मोजूनच झोपायचं असतं. घरात भिंती मोजत्यात, तळावर आपुन."

मग तिने सांगितलं. बाबांच्या आधी तिला एक मुलगी होती. मोठ्या दुष्काळाच्या आदल्या हंगामात ती दीड वर्षाची होती. ताप आला, दोन दिवस फडाच्या कडेला झोळीतच होती. तिसऱ्या दिवशी पहाटे टोळी हलायची होती, कारण पुढचा फड लांब होता. बांधावर पुरली आणि दुपारी नवीन जागी कोपी घातली. "त्या रात्री लेकरं मोजली तर एक कमी. रोजच कमी. मग मोजायची सवय लागली," एवढंच ती म्हणाली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी बाबांना विचारलं, तर त्यांना बहीण होती एवढंच माहीत होतं, नाव माहीत नव्हतं.

नोंद

नंतरच्या काही आठवड्यांत मी शोधायचा प्रयत्न केला. आमच्या गावच्या ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत ती नाही, कारण जन्म गावात झाला नव्हता. ज्या कारखान्याच्या हद्दीत ती गेली असावी, त्या भागातल्या मृत्यूच्या नोंदींत ती नाही, कारण टोळी तिथली नव्हती. रेशनकार्डावर नाही, शाळेत जायचं वय नव्हतं, मुकादमाच्या वहीत तर मूल लिहीतच नसत. पाच ठिकाणी शोधून पाच वेळा रिकामं उत्तर आलं आणि तरी एक माणूस होतं.

पानिपतच्या पत्रातली तिसरी ओळ मला तेव्हा नीट वाचता आली. मोजदाद नाही याचा अर्थ फार होते म्हणून मोजता आले नाहीत, एवढाच नसतो. ज्या वहीत लिहायचं तिच्यात रकानाच नव्हता, असाही असतो. सभासदाच्या काळात निघताना यादी व्हायची, पालखीतळावर तांब्या पुकारला जातो, म्हणजे मोजणं अशक्य नाही. मोजायचं कुणाला, हे आधी ठरलेलं असतं. आणि ज्या घरांत ते काम कुणीच करत नाही, तिथे ते एखादी बाई रात्री दोन वाजता बोटांवर करते.

तुमच्या घरातली सगळ्यात म्हातारी बाई अजून असेल तर तिला विचारून बघा. प्लेगात झोपडीत राहिलेल्या कुणाची गोष्ट तिच्या आजीने तिला सांगितली असेल. दुष्काळी कामावर खडी फोडताना, धरण होताना, गाव उठताना, वारीत, ऊसतोडीत कुणी ना कुणी पालात राहिलेलं असेल. वर्षं विचारू नका, वर्षं त्यांना सांगता येत नाहीत. तळावर लेकरं किती होती, ते विचारा. तो आकडा त्यांना चुकत नाही.

आमच्या घराची वंशावळ मी एका फाईलमध्ये ठेवली आहे. त्यात आता बाबांच्या वर एक ओळ वाढली आहे. जन्मसाल अंदाजे १९७०, मृत्यू १९७१ चा हंगाम. जन्मगावाच्या जागी काय लिहायचं म्हणून आज्जीला विचारलं, तर ती म्हणाली, "तळ लिही की." नाव विचारलं तेव्हा तिला आठवावं लागलं नाही.

ठकू.